महालातले उंदीर आणि जर्मनीची कुपी

"आपल्या महालात उंदरं काय कमी हायेत? बाहेरून काहून मागवता बे?" मामेभावाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि मी जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या ट्राममध्ये एकटाच हसलो. (महाल म्हणजे नागपुरातली आमची जुनी वस्ती, राजवाडा नव्हे.)

विषय माझ्या नागपुरातल्या मैत्रिणीचा. ती कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. तिने उंदराच्या टीफॅम या प्रथिनाची कुपी परदेशातून मागवली होती. मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतला, डीएनए गुंडाळून ठेवणारं हे प्रथिन. पन्नास मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम मिठाचा एक कण. ऐन मे महिन्यात खोका शनिवार-रविवार विमानतळावर अडकला, कोरडा बर्फ उडून गेला, आणि हातात आलं ते कूलरच्या टाकीतल्या पाण्यासारखं कोमट द्रावण.

मग ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, स्वदेशी बनवा. दुसरा म्हणे, शुल्क काढा. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर नेलं होतं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच संशोधनासाठी पुन्हा १०वर आणलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

मामेभावाला सांगायला हवं की या कुपीसाठी उंदीर मारत नाहीत. उंदराचा फक्त जनुक घ्यायचा, तो ई. कोलाय जिवाणूत घालायचा आणि प्रथिन त्याच्याकडून करवून घ्यायचं. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा मणी जोडलेले असतात, ते निकेलच्या स्तंभाला, म्हणजे प्रथिन वेगळं करायच्या नळीतल्या निकेलला, चिकटतात, बाकीचं धुऊन जातं. गंमत म्हणजे मायटोकॉन्ड्रिया स्वतःच कोणे एके काळी जिवाणू होते. पण त्यांच्या स्वतःच्या डीएनएतली १३ प्रथिनं अशी सहज होत नाहीत, कारण यूजीए हा तीन अक्षरी जनुकीय संकेत मायटोकॉन्ड्रियात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लासाठी वाचतात आणि जिवाणू तिथे थांबतो. टीफॅमचा जनुक पेशीकेंद्रात असतो, तिथले संकेत जिवाणूही तसेच वाचतो, म्हणून हे जमतं.

इथे आमच्या प्रयोगशाळेत ही कुपी आम्ही क्वचितच विकत घेतो. जिवंत पेशींवर घालायचं असेल तर घेतो, कारण जिवाणूंचं विष पूर्ण काढणं कटकटीचं असतं. एरवी आठवडाभरात स्वतः करतो. करतो म्हणजे, आमची तंत्रज्ञ बाई करते. वीस वर्षं तोच स्तंभ, तोच शीतकक्ष, कायमची नोकरी. (माझी नाही. इथे पीएचडीनंतर साधारण सहा वर्षांत कराराची मुदत संपते, तेव्हा जर्मनीचे गोडवे मी जपूनच गातो.)

म्हणून मला शुल्काचा वाद अर्धवट वाटतो, आणि स्वदेशीचाही. स्तंभ तर मैत्रिणीकडेही आहे. जनुक असलेला प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, गाळणकागदावर सुकवून साध्या पाकिटातून जातो, पंचेचाळीस अंशांतही त्याला काही होत नाही. तिच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आली की पाठवतो, असं मी तिला कळवलं.

तिचं उत्तर रात्री आलं. "पाठव ना. पण स्तंभ चालवणारी पोरगी जूनमध्ये पुण्याला कंपनीत गेली. ती जागा भरायची मंजुरी कोण पाठवणार?"