जाळी काढल्याचे पैसे

भाच्यानं कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून किंमत सांगितली, तेव्हा हिच्या हातातली कुंद्याची बशी जागच्या जागी थांबली. भाचा जर्मनीत असतो, गणपतीला आठ दिवस बेळगावला आला होता. "मामा, मी नुसता झोपणार आहे. तोवर तुम्ही वापरा," म्हणाला.

"काय काय निघतं ह्यात?" हिनं विचारलं.

"फक्त ब्लॅक अँड व्हाइट."

"आणि कलर?"

"येतच नाही."

"मग स्वस्त पाहिजे की!"

भाच्यानं समजावलं. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची जाळी बसवलेली असते. निम्मे ठिपके हिरवे, उरलेले निम्मे-निम्मे लाल-निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. प्रत्येक ठिपका आपल्या रंगाचा उजेड आत सोडतो आणि बाकीचा अडवतो. २०१२ मध्ये लायका या जर्मन कंपनीनं ही जाळीच नसलेला कॅमेरा काढला, म्हणजे सगळा उजेड थेट आत. हा त्याचाच २०२३ मधला धाकटा भाऊ, ६० मेगापिक्सेलचा.

"म्हणजे जाळी काढल्याचे पैसे," ही म्हणाली. मागच्या पावसाळ्यात खिडकीची डासांची जाळी काढायला सुतारानं दीडशे घेतले, ते ती अजून विसरलेली नाही.

मी मात्र हरखलो होतो. वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये बारा फोटोंचा रोल घालायचो तेव्हापासून माझी पक्की समजूत होती, की माझे फोटो बरे येत नाहीत त्याला कॅमेरा कारण आहे. माणसाला अशी एखादी समजूत असावी. शाळेत चित्रकला शिकवताना पोरांना मी बिनदिक्कत सांगायचो, की ब्रश कसलाही चालतो. स्वतःला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पाऊस भुरभुरत होता, म्हणून कॅमेरा रेनकोटच्या आत पोटाशी धरला. माझ्या स्कूटीच्या कितीतरी पट किंमत छातीवर लटकत असली की माणूस कसा चालतो, ते त्या दिवशी कळलं. गणपत गल्लीत समोरून म्हैस आली, तर मी पायरी चढून तिला वाट दिली.

खडेबाजारात पहिला धक्का बसला. या कॅमेऱ्याला ऑटोफोकस नाही! छोट्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन आकृत्या दिसतात. रिंग फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. माझ्या दोन आकृत्यांची गाठ पडेपर्यंत केळ्यांची हातगाडी नरगुंदकर भावे चौकात पोचलेली असायची. भाच्याला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, "लेन्सचं छिद्र एफ आठवर ठेवा, अंतर तीन मीटर, आणि रिंगला हात लावू नका. पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सला दोन मीटरपासून सातपर्यंत सगळं स्पष्ट येतं." रस्त्यावर फोटो काढणारे जुने लोक असंच करायचे म्हणे. तीन मीटर म्हणजे दहा फूट. मी फुटांतला माणूस, म्हणून दहा-दहा असं पुटपुटत समोरच्या टेलरच्या कट्ट्यापासून पावलं मोजायला लागलो.

आमच्याकडं रस्त्यात कॅमेरा दिसला तर त्याची तीनच कारणं असतात: लग्न, पेपर, नाहीतर रुंदीकरण. नवरा-नवरी कुठं दिसत नव्हती. पेपरवाले सगळे ओळखीचे.

"किती फूट ओ?" भांडीवाला पायरी उतरून आला.

"दहा," मी रिंगकडं बघत म्हणालो.

तो काही न बोलता परत आत गेला. पाच मिनिटांत बाजाराचा नूर पालटला. एकानं चहा आणून दिला आणि हळूच सुचवलं, की समोरच्या बाजूला जागा जास्त आहे, तिकडून धरा. समोरच्यांनाही ऐकू आलं असावं, कारण दुसरा चहा तिकडून आला. "एष्टु फूट री?" असं कन्नडमधूनही विचारून झालं. भाषेवरून आमच्याकडं कितीही वाद असोत, फुटांच्या बाबतीत दोन्ही बाजूंची काळजी एकच आहे. मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, की बाबांनो, मी छंद म्हणून फोटो काढतोय. एवढा महागाचा कॅमेरा आणि छंद? कुणाचा विश्वास बसेना.

त्या दिवशी ८४ फोटो काढले. ८४ फोटोंत लोक ताठ उभे आहेत. काहींनी केस विंचरले आहेत. एकानं तर जागेची कागदपत्रं छातीशी धरली आहेत.

फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ मधला पॅरिसचा फोटो मला फार आवडतो. सेंट लझार स्टेशनच्या मागं साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय. कुंपणाच्या फळ्यांमधून लेन्स घालून तो टिपलेला. कडेला फळी आली, ती नंतर कापून टाकावी लागली, आणि उडी मारणारा माणूस थोडा हललेलाच आहे. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उडी मारणाऱ्याला फळीमागचा माणूस दिसलाच नसणार, हे मला तेव्हा कुठं जाणवलं. डबक्यांचं म्हणाल तर बेळगावात त्यांना तोटा नाही, पावसाळ्यात सगळं गाव उड्या मारत चालतं. पण माझ्या कॅमेऱ्यापुढं एकही जण उडी मारेना. सगळे थांबून विचारायचे, "काढलासा काय फोटो?"

शिकागोत दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायर रोलायफ्लेक्स, म्हणजे वरून आत बघायचा कॅमेरा, पोटाशी धरून, मान खाली घालून फोटो काढायच्या. समोरच्याला वाटावं, बाई काहीतरी शोधतायत. मीही पोटाशी धरून बघितलं. सगळे फोटो गटाराचे आले.

एका गोष्टीत मात्र त्या कॅमेऱ्याला मानलं. संध्याकाळी सहाला आभाळ काळंकुट्ट झालं आणि मिठाईच्या दुकानात एकच पिवळा बल्ब जळत होता. कुंद्याच्या कढईवर वाकलेल्या माणसाच्या कपाळावरचा घाम, हाताची शीर आणि मागचा गडद काळोख, सगळं जसंच्या तसं आलं. तोच फोटो मोबाईलनं काढला, तर त्यानं चार-पाच फोटो एकावर एक रचून संध्याकाळची दुपार करून टाकली. मोबाईल काळ्याला काळं राहू देत नाही, ही त्याची खोड आहे.

सातव्या दिवशी मुसळधार पाऊस. हिनं टेलरमामांकडून ब्लाऊज आणायला पिटाळलं. कॅमेरा घरीच, भाच्याच्या उशाशी. बाहेर शटर अर्धं खाली ओढलेलं, त्याखालून उजेडाची एक पट्टी आत आलेली. मामा दातांनी दोरा तोडत होते. त्यांचा नातू कापडाच्या ढिगावर उताणा झोपला होता, एक पाय मशीनच्या चाकावर. मी मोबाईल बघत उभा होतो, म्हणजे आजकाल सगळे उभे असतात तसा. कुणी मान वर करून पाहिलं नाही. एकच फोटो काढला आणि घरी येऊन त्याचा रंग उतरवला.

भाचा गेल्यावर दोन प्रिंट काढल्या आणि मामांना नेऊन दिल्या. एक लायकाची, पहिल्या दिवशीची: मामा कट्ट्यावर इस्त्री केल्यासारखे उभे. दुसरी मोबाईलची. मला त्यांचा निकाल हवा होता.

लायकाची प्रिंट त्यांनी चष्मा काढून डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितली.

"लई स्पष्ट आलाय," म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कॉलरचा टाका वाकडा आहे, तोपण दिसतोय. माझा नव्हे तो."

मी सुखावलो. मग त्यांचं बोट प्रिंटवरून खाली सरकलं.

"आणि सर, माझा कट्टा गटारावर किती पुढं आलाय, ते इंच न् इंच मोजता येतंय ह्यात. दहा फूट तुम्हीच सांगितलासा न्हवं?"

प्रिंट त्यांनी घडी घालून मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्याखाली सारली. दुसरी हातात घेऊन उजेडाकडं धरली आणि झोपलेल्या नातवाकडं बघून हसले.

"हा मोठा करून द्या. ह्यात कट्टा येत नाही."