‘काम कमी, म्हणून समाधान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या पत्रकारांना नोकरीत मिळणाऱ्या समाधानाविषयीचा माझा लेख आपण वाचलात, याबद्दल आभार. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तवाहिन्यांना लागू नव्हता आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमे श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत आली ती २०२० च्या कामगार संहितेमुळे, ही आपली दुरुस्ती मला मान्य असून लेखात तसा बदल केला आहे.

परंतु “रेडिओवाल्यांचे समाधान म्हणजे काम कमी असणाऱ्यांचे समाधान” हे वाक्य आपण ज्या सुरात लिहिलेत, तो सूर मला सोडून देता येत नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांसाठी मी पाच वर्षे पहाटे चारला घर सोडले आहे. पान उलटल्याचा आवाज माइक पकडतो, म्हणून पाने सुटी ठेवायची, वाचून झालेले पान अलगद बाजूला सरकवायचे, आणि एवढे सांभाळताना आकडा चुकू द्यायचा नाही. एकदा धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकचा आकडा वाचताना मी अडखळलो, तर बातमीपत्र संपताच नदीकाठच्या एका शेतकऱ्याचा फोन आला : “साहेब, नक्की किती? मोटारी काढायच्या का राहू द्यायच्या?” माझ्या आवाजावर कोणी आपली पाणी उपसण्याची मोटार वाचवतो, हे मला त्या सकाळी कळले. याला आपण कमी काम म्हणता?

पुढे मी एका वाहिनीत गेलो, तेथे पगार तिप्पट होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत गुडघाभर पाण्यात उभा असताना डेस्कवरून कानात सूचना आली, की आणखी आत जा, पाणी कमरेला लागलेले दिसू दे. कोणत्या गल्लीत अजून बोट पोहोचलेली नाही, हे मी सांगत होतो. ते वाक्य पुरे होण्याआधी जाहिरात लागली. दोन्हीकडे राबलेला माणूस समाधानाविषयी बोलतो, तेव्हा त्याला आठवणींत रमणारा ठरवण्यापूर्वी निदान त्याचा अनुभव विचारावा, एवढी रीत आपण पाळायला हवी होती. आपण स्वतः कधी एखादे बातमीपत्र वाचले आहे काय? वाचले असते, तर ते वाक्य लिहिताना हात थांबला असता.

ड्यूटीनिहाय मानधन आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या हंगामी नेमणुका यांविषयी आपण बरेच लिहिले आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय असल्याने येथे त्यात शिरत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ते एक वाक्य मात्र आपण होऊन मागे घ्यावे, आज पहाटेच्या ड्यूटीवर जे बसले आहेत त्यांच्याकरिता तरी.