केस पडू देऊ नका बाप्पा

वडील गेले, तेरवी झाली, मांडववाल्याचे पैसे अजून द्यायचेत, अशात कोणी म्हणलं की वारस नोंद करून घ्या तं मुळीच घाई करू नका. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा असं कायदा म्हणते, म्हणू द्या. आमच्या सातबाऱ्यावर आबाजी अजून ठणठणीत आहेत.

कोर्टाची गोष्ट येगळी हां. पक्षकार मेला की 90 दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणा, नाही तं केस पडते, म्हणून तिथं तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी वकिलाकडं पळायचं. आमची धुऱ्याची, म्हणजे बांधाची, केस आबाजीनं टाकली, बाबानं चालवली, आता माझ्याकडं आली, समोरच्याकडंही नातूच आहे, तारखेला आम्ही दोघं एकाच एसटीनं जातो अन् बोलत नाही. भांडण दीड हाताचं, त्यावरच्या बोरीसाठी, अन् बोर तं कधीची वाळली.

वावराचे तुकडे पाडा, विहिरीचे पाडता येत नाहीत म्हणून तिथं आणे ठेवा. माझा हिस्सा चार आणे. चार आण्याचं नाणं 2011 लाच बंद झालं, विहिरीत अजून चालते. लाईट रात्री येते, पाळीवरून शिव्या होतात, त्या मात्र सगळ्याईले समान वाटून येतात. सोसायटीच्या कर्जाचा बोजाही आहे, तो कोणी मागत नाही बाप्पा.

राहिल्या बहिणी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रात 1994 ला झाला, देशात 2005 ला, पण घरात हा विषय काढू नका. भाऊबीजेला बोलवा, पुरणाचा सैपाक करा, साडी घ्या, जरा काठाची, अन् ताट उचललं की हक्कसोडपत्र पुढं सरकवा, "ताई, नुसती सही हाये."

आमच्या ताईनं चष्मा काढला. म्हणलं झालं काम. तं तिनं तो पदरानं पुसला, परत लावला अन् चारही पानं वाचली, बोट ठेवून ठेवून, बायको साडी घेऊन उभीच. मंग म्हणे, "विहिरीचे आणे कुठं लिहिले रे यात?"

सही पुढच्या भाऊबीजेला करते म्हणे. साडी घेऊन गेली.