भाव कोण ठरवतं?

रेगेटॉन, म्हणजे आजचं नाचायचं स्पॅनिश संगीत, लागलं की कुणीतरी हमखास म्हणतं, जुनी स्पॅनिश प्रेमगीतं किती तरल होती, आता नुसत्या गाड्या, शॅम्पेन आणि अंगचटी.

मला हे अजिबात पटत नाही. आगुस्तिन लारा, मेक्सिकोच्या बोलेरोचा, म्हणजे संथ प्रेमगीतांचा, बादशाह, तरुणपणी कुंटणखान्यांत पियानो वाजवून पोट भरायचा. त्याच्या 'आव्हेंतुरेरा'त तो बाईला सरळ सांगतो, तुझं प्रेम महाग वीक. ह्यात तरल काय सापडतं लोकांना? व्यवहार तेव्हाही होताच. सुरावट इतकी गोड की कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बाचाता संगीताचंही तेच. दारूच्या अड्ड्यांवर, गरीब वस्त्यांत गिटारवर वाजायचं, तोवर घरंदाज लोक नाकं मुरडायचे. 1990 मध्ये हुआन लुईस गेर्राचा 'बाचाता रोसा' हा अल्बम आला आणि तेच संगीत दिवाणखान्यात पोचलं. 2019 मध्ये तर युनेस्कोच्या वारसा यादीत. (आपल्या लावणीचं वेगळं काय झालं? फडावर असताना चवचाल, सरकारी महोत्सवात गेली की संस्कृती.)

आता बाचाता गायक रोमिओ सांतोसचं 2013 चं 'प्रोपुएस्ता इंदेसेंते' ('असभ्य प्रस्ताव') घ्या. काय देखणं गाणं आहे! सुरुवातीला टँगोची झाक, मग अदबीनं ओळख, एक पेला, मग गाडी. सगळं 'असं केलं तर काय म्हणशील?' ह्या चालीवर. ह्या विचारण्यातच त्याची सगळी गंमत आहे. आणि मधेच तो म्हणतो, मी मर्यादा सोडली आणि नंतर दारूवर ढकललं तर? तिथे माझं मन उतरतं. त्याची गाडी खुशाल असू दे. पण गुन्ह्याआधीच सबब तयार ठेवणारा प्रियकर मला नको.

ह्याउलट 'बेसामे मूचो'. कोन्सुएलो व्हेलास्केस ह्या मेक्सिकन पियानोवादक बाईंनी ते अगदी तरुण वयात लिहिलं. त्यात मोती नाहीत, मोटार नाही. आजची रात्र शेवटची असावी तसं चुंबन घे, एवढीच मागणी. इतकं पेटलेलं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि जानेवारी 2023 मध्ये गायिका शकिरा संगीतनिर्माता बिझारॅपसोबत, आता दुसरीसोबत असलेल्या आपल्या माजी जोडीदाराला, फुटबॉलपटू पिकेला, उद्देशून गाते, तू फेरारी देऊन ट्विंगो (साधी छोटी गाडी) घेतलीस, रोलेक्स देऊन कॅसिओ. लोक म्हणाले, शी, स्वतःला गाडी-घड्याळ म्हणवून घेते! अहो, लाराच्या गाण्यात बाईला भाव पुरुष सुचवत होता. ही स्वतःच सांगतेय, आणि वर चारचौघांत त्याचा हिशोब मांडतेय. मला तर मजा आली. पिकेही थोड्याच दिवसांत खरोखर ट्विंगो चालवत लोकांसमोर आला, आपण किती निवांत आहोत हे दाखवायला. इतका निवांत माणूस त्यासाठी गाडी शोधायला कशाला जाईल?