लायसन्स त्यांना, जागरण आम्हाला

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून जे हॉटेल आहे (नाव घेत नाही, उगाच वकिलाची नोटीस यायची) ते आधी साधं लॉजिंग होतं. खाली राइस प्लेट, वर रूम्स, कुणाला काय त्रास नव्हता. मग परमिट रूम आली. मग टेरेसवर बांबू आणि प्लास्टिकचं शेड चढलं, मग शनिवारी लाईव्ह म्युझिक, मग डीजे, आणि आता तर बुधवारी पण लेडीज नाईट म्हणून धिंगाणा. रात्री साडेबाराला माझ्या बेडरूमची काच थरथरते हो! खालच्या मजल्यावरचे काका, बायपास झालेला माणूस, कानात कापूस घालून हॉलमध्ये बसून असतात, आणि त्यांच्या नातीची दहावी आहे.

मला एवढंच सांगा, हे लायसन्स देताना बघतात काय?

म्हणजे दारूचं लायसन्स, ते एफएल-३ वालं, उत्पादन शुल्ककडून कलेक्टरच्या सहीने. गाण्याबजावण्याचं, करमणुकीच्या जागेचं पोलीस कमिशनरकडे. आगीची एनओसी फायर ब्रिगेडची, टेरेसवर काय बांधलंय ते महापालिकेच्या बांधकाम विभागाचं, किचन एफडीएचं, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाचं. प्रत्येकाचं टेबल वेगळं, प्रत्येकाचा शिक्का वेगळा, आणि प्रत्येकजण फक्त आपल्यापुढचा कागद बघणार. भिंतीच्या पलीकडे माणसं झोपतात हे बघायचं टेबल कुठलं, ते मला आजपर्यंत एकाही माणसाने सांगितलेलं नाही. जिथे जावं तिथे "हे आमच्याकडे येत नाही, तुम्ही तिकडे अर्ज करा". तिकडे गेलं की परत इकडे.

शाळेपासून, देवळापासून ७५ मीटर लांब पाहिजे असा नियम आहे. चांगला आहे. पण शाळा रात्री बंद असते आणि देव काय कम्प्लेंट करत नाही. झोपलेल्या माणसापासून किती मीटर, त्याला आकडाच नाही! आणि मीटरांचं तरी काय घेऊन बसलात, २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ऑर्डरने हायवेपासून ५०० मीटरच्या आतले बार बंद करायची वेळ आली तेव्हा केरळात एका पठ्ठ्याने बारच्या दारापर्यंत नागमोडी वाट बांधली, चक्रव्यूहासारखी, की झालं अंतर पूर्ण. आपल्याकडे एवढी पण मेहनत घ्यावी लागत नाही.

आता खरी चीड कशाची येते ते सांगतो. आवाज वाढला म्हणून आम्ही चारजण खाली गेलो तर मॅनेजर काउंटरमागची फ्रेम दाखवतो. काचेत लावलेलं लायसन्स. म्हणे, "साहेब, आम्हाला दीडपर्यंत परवानगी आहे." अरे बाबा, ती दीडची वेळ दारू द्यायची आहे, आत बसून, दारं-खिडक्या लावून. टेरेसवर उघड्यावर स्पीकर लावायची नाही! ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, काल-परवाचे नाहीत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद, आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे दोन माणसं नीट गप्पा मारायला लागली तरी ओलांडली जाईल एवढी कमी. बारापर्यंतची सूट सरकार देतं ती वर्षातून फार तर १५ दिवस, सणासुदीला. पण हा माणूस दारूचा कागद दाखवून आवाजाचा हक्क सांगतो आणि समोरच्या चारजणांपैकी तिघं "हां, लायसन्स आहे म्हणजे..." म्हणत मागे सरकतात. आमच्या सोसायटीची ही पण एक गंमत आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे वाघ, सही करायच्या वेळी सगळे गावाला.

११२ ला फोन केला की पोलिसांची गाडी येते, आवाज कमी होतो, गाडी कोपऱ्यावरून वळली की परत धाड धाड. डेसिबल मीटर कोण आणणार? मोबाईलवरच्या ॲपचं रीडिंग चालत नाही म्हणे.

आणि कृपया मला "शहराला नाईटलाईफ नको का" हे शिकवू नका. मी स्वतः घेतो. दारूबंदीचा झेंडा घेऊन उभा नाहीये मी. वेटर पोरांची पोटं त्यावर आहेत हेही कळतं. रात्री दीडपर्यंत प्या, हवं तर पहाटेपर्यंत प्या, पण आत प्या ना! हॉल साउंडप्रूफ करा, पार्किंग स्वतःच्या जागेत ठेवा, आमच्या गेटसमोर गाड्या आडव्या लावून बॉनेटवर बाटल्या ठेवू नका. एवढं लायसन्सच्या अटीत लिहून त्याप्रमाणे वागायला लावणं काय अवघड आहे?

माझा मावसभाऊ लंडनजवळ राहतो, त्याच्या गल्लीत एकाने बारचा अर्ज केला तर दारावर फिकट निळ्या कागदाची नोटीस लावावी लागली, २८ दिवस, कुणाचं काही म्हणणं असेल तर कळवा म्हणून. आधी! बार सुरू व्हायच्या आधी! आपल्याकडे दारूचं दुकान-बार बंद करायला बायकांचं मतदान आहे, आडवी बाटली म्हणतात ते, पण ते बार छातीवर येऊन बसल्यावर, आणि त्यासाठी आधी वॉर्डातल्या २५ टक्के बायकांच्या सह्या गोळा करा. गेल्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, विधानसभेत जाहीर झालं की सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान टाकायला सोसायटीची एनओसी लागणार. टाळ्या. पण आमचं हॉटेल आवारात नाही ना, भिंतीपलीकडे आहे. म्हणजे एक नऊ इंची भिंत मध्ये आली की आमचं मत संपलं.

सरकारला तरी कशाला घाई असेल म्हणा. जून २०२५ ला दारूवरची ड्युटी वाढवली तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे मिळतील असा हिशोब मांडला होता. कायद्याचं नाव दारूबंदी कायदा १९४९, आणि तिजोरी त्याच्यावर.

बाकी कारवाई होते, नाही असं नाही, पण माणसं मेल्यावर. कमला मिलला डिसेंबर २०१७ मध्ये रूफटॉपला आग लागून १४ माणसं गेली, मग पुढचे काही दिवस मुंबईभर हातोडे. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण जीव गाडीखाली गेले तेव्हा कळलं की १७ वर्षांच्या पोराला दारू दिली होती, मग धडाधड पब सील. आमच्या इथलं टेरेसचं शेड बघा एकदा येऊन, बांबू, प्लास्टिक, वर सजावटीच्या वायरी आणि खाली हुक्का नाही म्हणून सांगतात तो धूर. जिना एकच आहे.

३१ मार्चला लायसन्सचं वर्ष संपतं, म्हणजे रिन्युअलचे कागद त्याआधी जाणार. यावेळी आवाजाच्या तारखा, व्हिडिओ, ११२ च्या कॉलचे मेसेज सगळं लावून लेखी हरकत द्यायचं ठरवलंय, काका पहिली सही करणार आहेत. कुणी रिन्युअलला अशी हरकत घेऊन सुनावणी मिळवली असेल तर प्लीज सांगा, अर्ज कुणाच्या नावाने केला आणि पोच कुठल्या खिडकीवर मिळाली. आणि "सोसायटी बदला" असं सांगायला येणाऱ्यांनी माझ्या फ्लॅटचे उरलेले हप्ते भरावेत.