खुलासा : किल्ले युनेस्कोच्या ‘ताब्यात’ गेलेले नाहीत

‘शिवरायांचे सगळे किल्ले आता युनेस्कोच्या ताब्यात, डागडुजी तेच करणार, दुर्गसंवर्धकांना गडावर मज्जाव’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत गेले ते १२ किल्ले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. यादीत नाव लागल्याने मालकी बदलत नाही, हे १९७२च्या जागतिक वारसा करारातच स्पष्ट आहे. रायगड, शिवनेरी आधीसारखेच केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. देखभालीची जबाबदारीही त्यांचीच.

राहिला मज्जाव. यादीमुळे श्रमदानावर बंदी आलेली नाही. संरक्षित गडाचा ढासळलेला चिरा परत बसवायचा, तर खात्याची परवानगी लागते. पण हा नियम जुनाच आहे. चुन्याच्या दरजांत कुणीतरी हौसेने सिमेंट थापलेली तटबंदी एकदा पाहिली, की त्याचा जाच वाटत नाही (निदान मला तरी).

तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा टाका.