तिकीट काढणारा येडा आहे का बे?

जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच लागली की नागपुरात 'तिकीट मिळालं का' असं कोणी विचारत नाही. 'पासचं काही जमते का' असं विचारतात. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा जो शाळूसोबती एकदाही फिरकला नाही, त्याचा फोन येतो. सोसायटीच्या मीटिंगला कधीच न दिसणारे काका जिन्यात गाठतात. लांबच्या नात्यातले एक भाऊजी त्यांच्या साहेबांसाठी चार पास मागतात, तेही चांगल्या स्टँडचे. मी क्रिकेटच्या कुठल्या कमिटीत नाही, कुठल्या नेत्याकडे माझी उठबस नाही. हा मॅच बघायला जातो एवढंच लोकांना माहीत आहे, आणि जातो म्हणजे याच्याकडे पास असणारच, असा त्यांचा हिशेब.

२०२५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची वनडे होती, तेव्हा अशाच एकाला मी सांगितलं की बाबा रे, मी तिकीट काढलं आहे. तो हसायलाच लागला. "पैसे देऊन? येडा आहे का बे? मला सांगायचं ना, दोन पास आणून दिले असते."

तेव्हा जी तिडीक डोक्यात गेली, ती अजून उतरली नाही.

ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत, ज्याला पोराला एकदा तरी मोठी मॅच दाखवायची आहे, त्याने पास मागितला तर मी समजू शकतो. त्याच्यासाठी मीही चार ठिकाणी शब्द टाकीन. पण पास मागणारे हे लोक तसे नाहीत. यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत. शनिवारी सावजीत बसून चार जणांचं बिल देताना यांचा हात अडखळत नाही. मॅचचं तिकीट म्हटलं की मात्र यांना फुकट पाहिजे, कारण फुकट मिळणं हा मान आहे. आपली ओळख कुठवर आहे हे दाखवायचं असतं. मॅच बघायची नसतेच मुळी.

तिकीट काढणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. या गावात वनडे काय दर वर्षी येते का? २०१९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया खेळून गेली, कोहलीने ११६ काढले, आपण ८ धावांनी जिंकलो. त्यानंतरची वनडे थेट २०२५ ला. साहजिकच विक्री सुरू व्हायच्या वेळेला सगळं शहर मोबाईल हातात धरून बसलेलं. मीही बसलो. स्क्रीनवर चक्र फिरतंय, रांगेतला नंबर हलत नाही, हलला तर पैसे भरताना परत बाहेर. शेवटी दोन तिकिटं मिळाली. नंतर ती कागदी तिकिटं हातात घ्यायला वेगळी रांग, ओळखपत्र, झेरॉक्स. एवढं सगळं करून आम्ही जातो, आणि आमच्या आधी तिथे फुकट आलेला बसलेला असतो.

दुसरं तिकीट होतं माझ्या बाबांचं. बाबांनी ३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर विश्वचषकाची न्यूझीलंडविरुद्धची मॅच पाहिली आहे. चेतन शर्माने तिघांच्याही दांड्या उडवून हॅटट्रिक घेतली, विश्वचषकातली पहिली. त्याच दिवशी गावसकरने वनडेतलं त्याचं एकुलतं एक शतक ठोकलं, ८८ चेंडूंत नाबाद १०३. बाबा तेव्हा पहाटेपासून रांगेत उभे होते. पगार किती, तिकीट किती, आजीने काय बोलून घेतलं, हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या माणसाला कोणी सांगावं की तिकीट काढणारा येडा असतो?

तर आम्ही गेलो. गेटवर इतकी ढकलाढकली की आत पोचेस्तोवर सहा ओव्हर होऊन गेल्या. इंग्लंडच्या सॉल्टने हर्षित राणाच्या एका ओव्हरमध्ये २६ धावा चोपल्या, त्या आम्ही भिंतीबाहेरून नुसत्या आरड्याओरड्यावरून ओळखल्या. बाबांचे गुडघे दुखतात, तरी एकेक पायरी चढून ते आमच्या रांगेपर्यंत आले. चष्मा वर करून तिकिटावरचा सीट नंबर वाचला, मग खुर्चीवरचा वाचला, परत तिकिटावरचा वाचला. नंबर बरोबर होता. खुर्चीत चाळिशीचा एक माणूस बसलेला, बाजूच्या खुर्चीत त्याचं पोरगं. गळ्यात फितीला लटकवलेला पास. पायाशी सांडलेला चिवडा.

म्हटलं, दादा, या आमच्या सीट आहेत.

"कुठंही बसून घ्या ना भाऊ, सगळं खालीच आहे."

खाली कुठे होतं? जी खुर्ची रिकामी दिसते ती कोणाची तरी आहेच, तो पाणी आणायला गेला असेल किंवा अजून वर्धा रोडवर अडकला असेल. मी त्याला परत सांगितलं. त्याने पासवर बोट ठेवलं, "आमच्याकडे पण एंट्री आहे." एंट्री आहे हो, कबूल. पण या स्टँडची आहे का? या खुर्चीची आहे का? पास उलटून बघितला तर दुसऱ्याच ब्लॉकचा. तिथे ऊन येतं म्हणून हे इकडे आले होते. बाबा कठडा धरून पायरीवर उभेच. मागून लोक ओरडायला लागले, "ओ काका, बसा खाली!" जो चुकीच्या जागी बसला त्याला कोणी काही बोलत नाही, आणि जो आपल्या जागेसमोर उभा आहे त्याच्यावर ओरडतात!

मग आवाज चढल्यावर ते ठरलेलं वाक्य आलंच. "कोणाशी बोलून राहिला माहीत आहे का?"

नाही माहीत. मला जाणूनही घ्यायचं नाही. तुमच्या ओळखीचा माणूस कितीही मोठा असो, ती खुर्ची त्या दिवशी माझ्या बाबांची होती.

या भांडणात सॉल्ट रनआऊट झाला. लगेच पुढच्या ओव्हरमध्ये जयस्वालने मागे धावत जाऊन डकेटचा झेल घेतला, तो आख्ख्या दिवसातला सगळ्यात भारी क्षण होता म्हणतात. बाबांना दिसला नाही. सुरक्षारक्षकाला बोलावलं, तर तो बिचारा म्हणतो, जाऊ द्या ना साहेब, बाजूला ॲडजस्ट करून घ्या. त्याला नोकरी सांभाळायची आहे, गळ्यात पास असलेल्या माणसाला उठवायची त्याची छाती होत नाही. शेवटी दोन ओळी खालच्या एका ताईंनी बाबांना जागा करून दिली, आणि मी पायरीवर.

आता कोणी म्हणेल, एका खुर्चीवरून एवढं काय? एका खुर्चीचा प्रश्न नाहीच. एक जण दुसऱ्याच्या खुर्चीत बसला की तो दुसरा तिसऱ्याच्या खुर्चीत जातो, तिसरा चौथ्याच्या, आणि ज्याला काहीच उरत नाही तो पायरीवर बसतो. तासाभरात सगळ्या पायऱ्या भरतात. कोणाला चक्कर आली तर स्ट्रेचर कुठून नेणार? पळायची वेळ आली तर पळणार कुठून?

सीटवर नंबर असतो तो जीव वाचवायला असतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलवाल्यांनी हे रक्त सांडून शिकलं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कपची सेमीफायनल होती. गोलमागच्या स्टँडमध्ये उभं राहून बघायचे कप्पे, पुढे जाळी. बाहेरची गर्दी कमी करायला पोलिसांनी एक मोठं दार उघडलं आणि लोंढा मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत घुसला. ९७ माणसं गेली. कित्येक वर्षं प्रेक्षकांनाच दोष दिला गेला. त्यांची काही चूक नव्हती, हा निकाल ज्यूरीने द्यायला २०१६ उजाडलं. पण या दुर्घटनेच्या चौकशीचा जो टेलर अहवाल १९९० मध्ये आला, त्यानंतर तिथल्या वरच्या दोन डिव्हिजनच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची हा नियम झाला. माणूस किती, खुर्च्या किती, हिशेब जुळलाच पाहिजे.

इंग्लंड लांब वाटत असेल तर बंगळुरू घ्या. ४ जून २०२५. आयपीएल जिंकल्याचा जल्लोष चिन्नास्वामी स्टेडियमवर ठेवला. मोफत पास मिळणार, असं सोशल मीडियावरून पसरलं. मैदानाची क्षमता ३५ हजारांच्या घरातली आणि बाहेर लोक लाखांत. कोणाकडे पास आहे, कोणाला पासशिवाय सोडणार, कोणत्या दाराने सोडणार, कोणालाच कळेना. चेंगराचेंगरीत ११ जण मेले, बहुतेक तरुण पोरं. आपल्या नागपूरच्या स्टेडियममध्ये ४५ हजारांच्या आसपास माणूस मावतो. 'आपल्याकडे असं काही होत नाही' म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, बंगळुरूवाले ३ जूनला काय म्हणत होते?

बरं, हे पासवाले येऊन मॅच तरी बघतात का? माझ्यासमोरच्या चौघांनी आल्याआल्या मैदानाकडे पाठ केली आणि फोटो काढले. मग व्हिडिओ कॉल. मग "कोहली कुठे आहे?" कोहलीचा गुडघा दुखावला होता, तो खेळतच नव्हता, टॉसलाच कळलं होतं. हे समजल्यावर त्यांचं मनच उडालं. शुभमन गिल ८७ काढत होता, श्रेयसने ३६ चेंडूंत ५९ कुटले, समोर एवढी सुंदर बॅटिंग चालली आहे आणि यांची चर्चा कशावर, तर आता निघालो तर जेवायला कुठे जाता येईल यावर. अर्ध्यातून उठून गेले. ज्या खुर्च्यांसाठी हजारो लोक स्क्रीनकडे बघत बसले होते, त्या संध्याकाळी ओस पडल्या.

त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, २६ फेब्रुवारीपासून रणजीची फायनल झाली. विदर्भ विरुद्ध केरळ. आपली पोरं! दानिश मालेवारने १५३ काढले, करुण नायरने ८६ आणि १३५. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातले आजवरचे सगळ्यात जास्त. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या पाच दिवसांत मला पाससाठी एक फोन आला नाही. स्कोअर विचारायलाही कोणाचा आला नाही. तेव्हा क्रिकेटप्रेमाच्या गप्पा माझ्याजवळ मारू नका.

नागपूरजवळच्या कामठीला जा एकदा. तिथे फुटबॉल जुना आहे, घराघरात आहे. मैदानाला धड खुर्च्या नसतात, रेषेच्या कडेला माणसं उभी असतात, म्हातारे सायकल टेकवून उभे असतात, आणि चेंडू बाहेर गेला की दहा जण धावतात. तिथे कोणी कोणाला पास मागत नाही. डिफेंडर चुकला तर त्याला नावानिशी शिव्या बसतात, कारण बघणाऱ्याला तो माहीत असतो, त्याचा बापही माहीत असतो. तो प्रेक्षक उद्या पैसे देऊन जामठ्याला आला तर त्याला वरच्या कोपऱ्यातली जागा, आणि मैदानाकडे पाठ करणाऱ्याला पुढची रांग. हे मला सहन होत नाही.

परतीच्या वर्धा रोडबद्दल मी काय बोलू. मेट्रो धरायला खापरीपर्यंत माणसं चालत निघालेली, लेकरं खांद्यावर, मधून बुटीबोरीकडचे ट्रक. आणि त्यातून काचा काळ्या असलेल्या गाड्या हॉर्न वाजवत उलट्या बाजूने घुसतात. समोरच्या काचेवर पार्किंगचा पास. गाडीवरचा लाल दिवा २०१७ च्या १ मेपासून बंद झाला ना? मग हा माज कशाच्या जोरावर चालतो?

माझं म्हणणं सरळ आहे. पास वाटायचे तर वाटा. जुन्या खेळाडूंना द्या, मैदानाची माती सांभाळणाऱ्यांच्या घरच्यांना द्या, महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना बस भरभरून आणा, मी उभं राहून टाळ्या वाजवीन. पण जो कोणी मॅच भरवतो त्याने मॅचच्या आधी यादी लावावी. एकूण खुर्च्या किती, विकल्या किती, फुकट दिल्या किती आणि कोणाच्या नावावर दिल्या. गेटवर मोठ्या अक्षरांत लावा, वर्तमानपत्रात छापा. पासवरही सीट नंबर टाका, आणि चुकीच्या खुर्चीत बसलेल्याला उठवायचा अधिकार त्या सुरक्षारक्षकाला लेखी द्या. मग समोरचा कोणाचा कोण का असेना. आणि ज्यांनी पास घेतला आहे त्यांची नावं त्या यादीत येऊ द्या, म्हणजे फुकट बसलेला माणूस कोण, हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचता येईल.